सहाशे गुणांची किंमत

२०२४ च्या नीटमध्ये ६०० गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याचा देशातला क्रमांक ऐंशी हजारांच्या आसपास होता. तो खुल्या गटातला असेल, तर महाराष्ट्रातली सरकारी एमबीबीएसची जागा त्याच्या हातून गेल्यात जमा होती. २०२५ मध्ये तेवढेच ६०० गुण मिळवणारी मुलगी देशात पहिल्या दीड हजारांत होती आणि तिच्या घरी चर्चा चालली होती ती केईएम घ्यावे की जेजे याची.

परीक्षा तीच, ७२० गुणही तेच. बदलली ती प्रश्नपत्रिका. २०२४ चा पेपर सोपा निघाला. फेरपरीक्षा आणि सुधारित निकालाचा सगळा गोंधळ निस्तरल्यावरही सतरा जणांना पैकीच्या पैकी गुण उरले. २०२५ ला भौतिकशास्त्राने भल्याभल्यांना घाम फोडला. देशात पहिला आलेला विद्यार्थी ६८६ वर थांबला, आणि ६५० च्या वर पोहोचलेले सगळे मिळून ७३ होते. त्याआधीच्या वर्षी हाच आकडा तीस हजारांच्या घरात होता.

तरीही निकालाच्या दिवशी फोनवर, सोसायटीच्या जिन्यात आणि क्लासच्या फलकावर एकच प्रश्न फिरत असतो: ‘किती मार्कांना लागतो नंबर?’ या प्रश्नाला उत्तर नाही. गुणांचे क्रमांकात रूपांतर झाल्याशिवाय त्यांना किंमत येत नाही. तो क्रमांक कोणत्या यादीत धरला जाणार हे कळल्याशिवाय पुढचा अंदाज बांधता येत नाही. आणि त्या यादीत नाव राहायचे असेल तर कागदपत्रे वेळेवर हातात असावी लागतात. पालकांनी हिशेब याच क्रमाने करावा.

सुरुवात पात्रतेपासून. खुल्या गटासाठी ५० पर्सेंटाइल आणि राखीव गटांसाठी ४० पर्सेंटाइल ही नीटची पात्रतारेषा आहे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के, असा घोळ अजूनही बऱ्याच घरांत होतो. ५० पर्सेंटाइल याचा अर्थ एवढाच की परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्मे जण मागे आहेत. २०२५ मध्ये ही रेषा १४४ गुणांवर होती, म्हणजे अवघे वीस टक्के. २०२४ ला ती १६२ वर होती आणि २०२३ ला १३७ वर. २०२५ ला २२ लाखांहून अधिक मुले बसली, त्यांतली १२ लाख ३६ हजार ‘पात्र’ ठरली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे दहा पात्र मुलांमागे एक जागा, आणि त्या जागांतही निम्म्याच्या जवळपास खासगी आणि अभिमत महाविद्यालयांच्या, ज्यांचे शुल्क सगळ्यांना झेपणारे नाही. ‘क्वालिफाय झाला’ या शब्दांवर पेढे वाटायला कुणाची हरकत नसावी, पण त्या शब्दांनी प्रवेशाची काहीच हमी मिळत नाही. या पात्रतेचा खरा उपयोग प्रवेशप्रक्रियेत नाव नोंदवण्यापुरता.

आता एकेका गुणाचे मोल पाहू. २०२४ ला ६५० गुणांवर तीस हजारांच्या आसपासचा क्रमांक होता आणि ६०० वर ऐंशी हजारांचा. पन्नास गुणांत पन्नास हजार मुले, म्हणजे सरासरी एका गुणामागे हजार. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला उणे एक. त्यामुळे येत असलेला एक प्रश्न चुकीचा गोल रंगवून घालवला, की पाच गुणांचा फरक पडतो. त्या वर्षी त्या पट्ट्यात पाच गुण म्हणजे पाच हजार क्रमांक. संध्याकाळी सहाच्या सुमाराची दादरची गाडी डोळ्यांसमोर आणावी: दारात पाय ठेवायला जागा मिळाली तर आत, नाहीतर फलाटावर, आणि दोघांमधले अंतर वीतभर. २०२५ ला मात्र ६०० ते ५५० या पट्ट्यात एका गुणामागे साधारण दोनशेच मुले होती. पुढे खालच्या गुणांवर गर्दी पुन्हा दाटत गेली.

एका प्रश्नाच्या अशा पाच गुणांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. २०२४ च्या भौतिकशास्त्राच्या पेपरात अणूंविषयी एक प्रश्न होता. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीनुसार एक पर्याय बरोबर, नव्या आवृत्तीनुसार दुसरा. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने दोन्ही उत्तरांना गुण दिले. पूर्ण गुण मिळवलेल्या पहिल्या यादीतल्या ६७ जणांपैकी ४४ जण या एका प्रश्नामुळे ७२० ला पोहोचले होते. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारले, त्यांनी एकच पर्याय बरोबर ठरवला, आणि चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण कापले गेले. एका प्रश्नाने देशभरची गुणवत्ता यादी हलली. या प्रकरणातून विद्यार्थ्याने उचलण्यासारखी बारीक गोष्ट म्हणजे एनसीईआरटीचे चालू वर्षाचे पुस्तकच वापरावे. मोठ्या भावाचे जुने पुस्तक घेऊन पैसे वाचतील खरे, पण त्या वर्षी तो व्यवहार महागात पडला.

अंदाजपंचे उत्तर द्यावे की नाही, हा वाद क्लासेसमध्ये कायम रंगतो. गणित साधे आहे. चार पर्यायांतला कुठलाच ओळखीचा नसताना आंधळेपणाने गोल रंगवला, तर सरासरी फायदा पाव गुणाचा, म्हणजे नसल्यासारखाच. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी दोन तृतीयांश गुण मिळतो. दोन बाद झाले तर दीड गुण. तेव्हा दोन पर्याय उडवता आले की उत्तर सोडून देणे हा तोटा आहे, आणि काहीच सुचत नसताना वीस-पंचवीस गोल रंगवणे हा जुगार आहे. २०२५ पासून ऐच्छिक प्रश्नांची सवलतही गेली. १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यांत ९० जीवशास्त्राचे.

जीवशास्त्राचे वजन आणखी एका ठिकाणी कळते. समान गुण असलेल्यांत आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे. तेही सारखे निघाले तर चुकीच्या आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण, म्हणजे कमी चुका करणारा वर. हजारो मुले एकाच गुणावर उभी असतात, तिथे हा नियम कागदावर राहत नाही.

क्रमांक हाती आला की प्रश्न येतो यादीचा. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि त्या दिल्लीची एमसीसी, म्हणजे मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, भरते. नागपूरच्या मिहानमधल्या एम्ससह सगळे एम्स आणि पुद्दुचेरीचे जिपमेर यांच्या सगळ्या जागा एमसीसीकडेच. लोणी, कराड, सावंगी, पिंपरी इथल्या अभिमत विद्यापीठांच्या जागाही तिथूनच भरल्या जातात आणि त्यांना राज्याच्या रहिवासाची अट नाही. उरलेल्या ८५ टक्के सरकारी आणि महापालिकेच्या जागा, तसेच खासगी महाविद्यालयांच्या जागा मुंबईच्या राज्य सीईटी कक्षाकडे. तिथे ‘कॅप’च्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, फेऱ्या होतात.

एमसीसीच्या पहिल्या फेरीत खुल्या गटाची शेवटची सरकारी जागा गेली काही वर्षे साधारण विसेक हजारांच्या क्रमांकापाशी संपते आहे. हे नीट लक्षात घ्यावे, कारण तो क्रमांक मिळवायला २०२३ ला ६१५ च्या आसपास गुण लागत होते, २०२४ ला ६६० च्या आसपास, आणि २०२५ ला ५३५ च्या आगेमागे. गुण सव्वाशेने वर-खाली झाले, क्रमांक जवळपास जागच्या जागी राहिला. जागांची संख्या वर्षभरात फारशी हलत नाही, म्हणून क्रमांकही हलत नाही. गेल्या वर्षीचे गुण पाहून यंदाचा अंदाज बांधणारा पालक म्हणूनच फसतो. क्रमांक पाहणारा सहसा फसत नाही.

क्रमांक हलतो तो जागा वाढल्या की. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात एकदम दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. राज्याच्या सरकारी यादीतली शेवटची जागा त्यामुळे आणखी मागच्या क्रमांकापर्यंत पोहोचते. नव्या महाविद्यालयाचे नाव विकल्पांत घालताना मुले नाक मुरडतात. इमारत अर्धवट, वसतिगृह तात्पुरते, प्राध्यापक बदलीवर आलेले, या तक्रारी खोट्या नसतात. पण पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच मिळते, आणि शुल्क सरकारी.

राज्याच्या यादीलाही इतिहास आहे. २०२० पर्यंत महाराष्ट्रात ७०:३० चे सूत्र होते. सत्तर टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना, तीस टक्के उरलेल्या राज्याला. मराठवाड्यात महाविद्यालये मोजकी आणि लातूर-नांदेडला तयारी करणारी मुले अमाप, त्यामुळे चांगले गुण असूनही तिथली मुले बाहेर राहत आणि अन्य विभागांत त्यांच्याहून कमी गुणांवर प्रवेश होत. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले आणि सगळे राज्य एका यादीत आले. त्याआधीच्या वर्षांचे कटऑफ इंटरनेटवर अजून फिरतात. त्यांच्याकडे आता पाहूही नये.

८५ टक्क्यांच्या यादीत बसायला रहिवासी दाखला लागतो, शिवाय सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयातून दिलेल्या असाव्या लागतात. दहावीनंतर ‘इंटिग्रेटेड’साठी मुलाला कोट्याला किंवा हैदराबादला पाठवणाऱ्या घरांनी हे आधी तपासावे. बारावीचा प्रवेश परराज्यातल्या कॉलेजात झाला असेल तर राज्याच्या कोट्याचा दरवाजा बंद होऊ शकतो. काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलती आहेत, त्या माहितीपुस्तिकेत नेमक्या शब्दांत वाचाव्यात. गोव्याचा हिशेब वेगळा. तिथे एमबीबीएससाठी बांबोळीचे सरकारी गोवा मेडिकल कॉलेज आहे, १८४२ पासूनच्या परंपरेचे, आणि राज्याच्या जागांसाठी गोव्याच्या रहिवासाचे स्वतःचे निकष आहेत. सावंतवाडीच्या मुलाला बांबोळी कितीही जवळ असले, तरी त्याच्यासाठी तिथली वाट एमसीसीच्या १५ टक्क्यांतूनच जाते.

जुनी यादी वाचायची कशी, हे एकदा बसून करून पाहण्यासारखे आहे. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या निवड याद्या पीडीएफमध्ये असतात. प्रत्येक ओळीत अखिल भारतीय क्रमांक, प्रवर्ग, कोणत्या कोट्यातून जागा मिळाली ते आणि महाविद्यालयाचा कोड. आपल्याला हवे असलेले महाविद्यालय शोधावे, आपल्या प्रवर्गातून जागा मिळालेल्यांत सर्वांत मागचा क्रमांक पाहावा आणि वहीत लिहावा. मग तेच पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या फेरीसाठी. तीन वर्षांचे आकडे एका पानावर आले की चित्र स्पष्ट होते: कुठल्या महाविद्यालयात पहिल्या फेरीनंतर काहीच हलत नाही आणि कुठे शेवटपर्यंत जागा रिकाम्या होत जातात. हे काम एका दुपारचे आहे. त्यासाठी हजारो रुपये घेणारे ‘समुपदेशक’ बहुतेक वेळा याच पीडीएफ उघडून बसलेले असतात.

नीटच्या गुणपत्रकावर ‘कॅटेगरी रँक’ छापलेली असते. ती केंद्राच्या प्रवर्गांची. महाराष्ट्रातले व्हीजे, एनटी-बी, एनटी-सी, एनटी-डी किंवा एसईबीसी हे गट तिथे नसतात. राज्यात एससीला १३, एसटीला ७, ओबीसीला १९, एसईबीसीला १० टक्के, शिवाय व्हीजे-एनटीचे चार गट आणि ईडब्ल्यूएस. आपण आपल्या गटात राज्यात कितवे आहोत, ते सीईटी कक्षाची गुणवत्ता यादी लागल्यावरच कळते. मराठा समाजाच्या मुलाला राज्यात एसईबीसीचा लाभ मिळतो, पण एमसीसीच्या यादीत तो खुल्या गटात, किंवा उत्पन्नाच्या अटीत बसत असेल आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला असेल तर ईडब्ल्यूएसमध्ये. एकाच मुलाचे दोन याद्यांत दोन प्रवर्ग, तेव्हा दाखलेही दोन प्रकारचे. ओबीसींनाही केंद्रासाठी केंद्रीय नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते.

आणि इथे कागदांचा मुद्दा येतो. चांगला क्रमांक हातात असून जागा गेल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात, आणि त्यांचे सर्वांत नेहमीचे कारण जात वैधता प्रमाणपत्र. ‘व्हॅलिडिटी’चा अर्ज अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत टाकावा. समितीने आजोबांच्या शाळेचा दाखला मागितला, तो मोडी लिपीत निघाला, गावच्या शाळेतले रजिस्टर फाटलेले होते, यात महिने सहज जातात. निकालानंतर धावाधाव सुरू केली तर हाती फक्त अर्जाची पावती उरते. शासनाने काही वर्षी मुदत वाढवून दिली आहे, पण त्या भरवशावर राहणे धोक्याचे. नॉन-क्रीमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपते. निकालानंतर प्रवेशाचा अर्ज भरताना जुना दाखला जोडला की प्रवर्ग जातो आणि मूल खुल्या यादीत ढकलले जाते. तिथे तोच क्रमांक अपुरा पडू शकतो. ड्रॉप घेतलेल्यांनी खंडाचे प्रतिज्ञापत्रही तयार ठेवावे.

विकल्प भरण्यात मुले सर्वाधिक हुशारी करायला जातात आणि तिथेच चुकतात. ‘केईएम मिळणारच नाही, मग पहिला नंबर कशाला वाया घालवायचा?’ असा विचार करून हवे ते महाविद्यालय खाली टाकले जाते. संगणक क्रमांकानुसार एकेका विद्यार्थ्याकडे येतो आणि त्याच्या यादीतला वरून पहिला उपलब्ध विकल्प देतो. वर घातलेले न मिळणारे नाव काहीही नुकसान करत नाही. म्हणून क्रम आवडीचा ठेवावा, शक्यतेचा नको. नुकसान करते ते भलतेच: जिथे जायचेच नाही अशा महाविद्यालयाचे नाव यादीत घालणे. बेटरमेंटमध्ये, म्हणजे पुढच्या फेरीत, नवी जागा लागली की आधीची आपोआप रद्द होते. घरापासून दोन तासांवरची सरकारी जागा हातात असताना, भरताना सहज टाकलेले दूरचे किंवा महागडे महाविद्यालय लागले तर परतीचा रस्ता नाही. मिळालेल्या जागेवर समाधान असेल तर ती कायम ठेवण्याचा, म्हणजे स्टेटस रिटेन्शनचा, अर्ज वेळेत भरून मोकळे व्हावे.

एमसीसीकडे पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडता येते. दुसऱ्या फेरीत सोडली तर अनामत जाते. सरकारी जागांसाठी ही अनामत खुल्या गटाला दहा हजार रुपये आहे, अभिमत विद्यापीठांसाठी दोन लाख. दोन्हीकडे नोंदणी करता येते, पण जागा शेवटी एकच ठेवता येते. एमसीसी आणि राज्ये प्रवेश घेतलेल्यांच्या याद्या एकमेकांना पाठवतात. नियमांतला तपशील दरवर्षी थोडा बदलतो, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका पालकांनी स्वतः वाचावी. व्हॉट्सॲपवर आलेला सारांश नको.

शेवटच्या फेऱ्यांत खाली सरकणारे कटऑफ पाहून अनेकांना वाटते की थांबले तर सगळेच मिळते. सरकारी जागांत ही घसरण मर्यादित असते. खासगीत आणि अभिमतमध्ये ती मोठी असते, आणि कारण उघड आहे. सरकारी महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क दीड लाखाच्या आत-बाहेर. खासगी महाविद्यालयांत ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि अनेक ठिकाणी ते दहा लाखांच्या अलीकडे-पलीकडे जाते. अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस लाखांवर. संस्था आणि एनआरआय कोट्याचे शुल्क त्याहून वेगळे. म्हणजे क्रमांक जितका मागे, तितकी एमबीबीएसची पदवी महाग. गुण कमी असणारा श्रीमंत आणि गुण कमी असणारा गरीब यांच्या संधी सारख्या आहेत, असे कुणी म्हणत असेल तर त्याने या शुल्कांचे तक्ते एकदा पाहावेत.

मुलींसाठी एक बाब महत्त्वाची. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठे यात येत नाहीत. अशा घरातल्या मुलीने खासगी महाविद्यालये केवळ शुल्काच्या धास्तीने विकल्पांतून वगळू नयेत. सरकारी जागा घेणाऱ्यांनी वर्षभराच्या सेवेच्या बंधपत्राची नोंद घ्यावी. ती सेवा टाळली तर दहा लाख रुपये भरावे लागतात.

नीटच्या गुणांपलीकडे काही पाहणारे ठिकाण आता फार उरलेले नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेत एकेकाळी गांधीविचारांचा स्वतंत्र पेपर असे. नीट आली आणि तो गेला. पुण्याचे एएफएमसी हा ठळक अपवाद. तिथे नीटच्या गुणांवर निवडक मुलांना बोलावतात, मग इंग्रजी आकलन आणि तर्काची संगणकावरची परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. एमसीसीवर नोंदणी करताना एएफएमसीचा पर्याय निवडला नसेल, तर कितीही गुण असले तरी बोलावणे येत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत याच्या उलट घोळ होतो. पुण्याचे आजोबा नातीला ‘किती मार्क पडले?’ एवढेच विचारतात. तिथल्या एमकॅटमध्ये ४७२ ते ५२८ असे गुण असतात आणि प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास. पण सर्वांत वरच्या गुणपट्ट्यात आणि उत्तम जीपीए असूनही पाचातला एक जण साधारणपणे कुठेच निवडला जात नाही, कारण पुढे निबंध, रुग्णालयातला अनुभव, शिफारसपत्रे आणि मुलाखती असतात. आजोबांना हे पटवणे अवघड जाते.

इकडे, यादीत नाव न आलेल्या मुलाच्या घरी ड्रॉपचा विषय निघतो. नीटच्या प्रयत्नांवर मर्यादा नाही, वयाची वरची अटही राहिलेली नाही. म्हणून तो निर्णय उत्तरपत्रिकेवरून घ्यावा, भावनेवरून नको. एनटीए ओएमआर आणि उत्तरसूची देते. गेलेले गुण तीन ढिगांत वेगळे करावेत: येत असूनही चुकलेले, वेळ न पुरल्याने राहिलेले, आणि मुळात न आलेले. पहिल्या दोन ढिगांत शंभरेक गुण असतील तर वर्ष देण्यात अर्थ आहे. तिसराच ढीग मोठा असेल आणि दोन वर्षे क्लासमध्ये काढूनही तो तसाच असेल, तर तिसरे वर्षही बहुधा तेच दाखवील.

त्याच नीटच्या क्रमांकावर बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि फिजिओथेरपीचे प्रवेश राज्यात होतात, पशुवैद्यकीयचेही. बीएएमएसच्या सरकारी जागांना आता चांगलीच स्पर्धा आहे. मुंबईच्या पोदारला किंवा नागपूरच्या सरकारी आयुर्वेद महाविद्यालयाला जायचे तर एमबीबीएस हुकलेल्यांतही पुढे असावे लागते. बीएस्सी नर्सिंगची सीईटी राज्यात वेगळी होते, तिचा अर्ज नीटच्या निकालाआधीच भरून ठेवावा.

आणि १४४ आणि ३०० च्या मधल्या गुणांवर एजंटांचे फोन येऊ लागतात: रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया. परदेशात एमबीबीएसला जायलाही २०१८ पासून नीटची पात्रता लागते, आणि ती निकालापासून तीन वर्षे ग्राह्य असते. परत आल्यावर एफएमजीई ही पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्या बहुतेक सत्रांत उत्तीर्ण होणाऱ्यांपेक्षा नापास होणारेच कितीतरी जास्त असतात. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, शिक्षण इंग्रजीतून, शिवाय तिथेच बारा महिन्यांची इंटर्नशिप आणि भारतात आल्यावर पुन्हा एक वर्षाची. एजंटाने दाखवलेल्या विद्यापीठाचे माहितीपत्रक यातल्या पहिल्या तीन अटींशी ताडून पाहावे, आणि एक जरी अट बसत नसेल तर पुढची रक्कम भरू नये.